मशीनच्या काचेवर अकरा अक्षरं

पुण्याजवळच्या एका मसाल्याच्या कारखान्यात ओलावा मोजणारं यंत्र दुरुस्त करून मी निघायच्या बेतात होतो. क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाची तपासणी होते तिथं, नवीन लागलेली एक मुलगी त्याच यंत्रावर सॅम्पलचं नाव टाकत होती. अकरा अक्षरं. चहाच्या सुट्टीत तिचे दोन्ही अंगठे फोनवर कसे पळतात ते मी पाहिलं होतं. इथं मात्र हातमोजा घातलेलं एकच बोट, एकेक अक्षर शोधत, दाबत, चुकत, खोडत चाललं होतं. तिसऱ्यांदा चुकल्यावर तिनं शेजारच्या सीनियरला विचारलं, "मॅडम, हा ओ आहे की झिरो?" मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "काहीही टाक गं. प्रिंटवर पेनानं लिहू."

हे "काहीही टाक" मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. आणि म्हणणाऱ्याचा मला कधी राग आलेला नाही, कारण त्या काचेवरच्या कीबोर्डनं मलाही छळलंय.

पण त्यात एक गोची आहे. यंत्र सांगतं, ओलावा ७.२ टक्के. कशाचा? सकाळी आलेल्या हळदीचा की काल रात्रीच्या मिरची पुडीचा? हे यंत्राला कळत नाही. मोजमाप यंत्र करतं, ते कशाचं हे माणूस सांगतो, आणि सांगण्याची जागा म्हणजे ती काचेवरची अक्षरं. घरातल्या खणात कधीकधी एखादी चकचकीत किल्ली सापडते. किल्लीत खोट काही नसते, फक्त कुलूप कुठलं ते कुणालाच आठवत नाही. नाव नसलेलं रीडिंग तसंच.

सध्या हा विषय औषध कारखान्यांत जास्त तापलाय. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस केंद्र सरकारनं औषधनिर्मितीच्या नियमांचा भाग असलेलं 'शेड्यूल एम' सुधारून काढलं, आणि यंत्रांतल्या, संगणकांतल्या नोंदी कशा ठेवायच्या याला त्यात मोठी जागा मिळाली. छोट्या कारखान्यांच्या मालकांना अचानक कळलं की तपासायला येणारा माणूस आता रीडिंग पाहून थांबत नाही. ते कोणी, कोणत्या नावानं टाकलं तेही विचारतो.

काचेखालचे दोन पापड

कारखान्यातल्या टचस्क्रीनच्या दोन मुख्य जाती. पहिली दाबावर चालते, तिला रेझिस्टिव्ह म्हणतात. वर लवचिक प्लास्टिकचा पातळ थर, खाली काच, दोघांच्या आतल्या अंगाला वीज वाहून नेणारा पारदर्शक लेप, आणि मधे डोळ्यांना सहसा न दिसणारे बारीक ठिपके. दोन पापड एकावर एक ठेवावेत आणि चिकटू नयेत म्हणून मधे खसखस भुरभुरावी, तशी रचना. बोट दाबलं की तेवढ्याच जागी वरचा थर खालच्याला टेकतो.

टेकला कुठे, हे कसं कळतं? समजा लेपाच्या डाव्या कडेला ० व्होल्ट आणि उजव्या कडेला ५ व्होल्ट दिलेत. बरोबर मधे दाबलं तर अडीच व्होल्ट मिळतात, उजवीकडे सरकलं तर त्याहून जास्त. मग तीच मोजणी वरून खाली. दोन आकडे मिळाले की जागा ठरली. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण आठवा. हे साधारण तसंच, फक्त पसरून सपाट केलेलं.

या जातीचा जन्मच मुळी आपल्या विषयातून झालाय. अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ सॅम्युअल हर्स्ट यांच्यापुढे १९७० च्या सुमारास यंत्रांनी काढलेल्या आलेखांच्या कागदी पट्ट्यांचा ढीग होता. त्या वाचून आकडे संगणकात भरायचे म्हणजे महिन्यांचं काम. ते वाचवण्यासाठी त्यांनी बोट किंवा काडी टेकवली की जागा सांगणारी पाटी बनवली. म्हणजे यंत्राची आकडेवारी भरण्याचा कंटाळा हाच या पडद्याचा बाप, आणि आज त्याच पडद्यावर आकडेवारी भरायचा कंटाळा येतो.

दुसरी जात आपल्या फोनमधली, कपॅसिटिव्ह. तिला दाब लागत नाही. काचेखाली बारीक तारांची जाळी असते, तिच्यावर सूक्ष्म विद्युतभार असतो, आणि आपलं बोट जवळ आलं की त्यातला किंचित भार आपल्याकडे ओढला जातो. शरीर वीज वाहून नेतं म्हणून हे जमतं. हवाई वाहतूक नियंत्रणासाठी अशा पडद्याची कल्पना ब्रिटनच्या माल्व्हर्नमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्येच मांडली होती.

आता गंमत पाहा. जाड चामडी हातमोजा घातला की फोनच्या जातीचा पडदा आंधळा होतो. उलट पाण्याचा थेंब पडला तर तो त्याला बोट वाटतो. कुणी ओल्या फडक्यानं पडदा पुसला आणि यंत्रानं आपोआप तीन अक्षरं टाकली, म्हणून "मशीनमध्ये भूत आहे" अशी तक्रार मी स्वतः ऐकलीय. चांगल्या यंत्रांत पुसण्यापुरता पडदा कुलूपबंद करायची सोय असते. ती शोधून ठेवा.

दाबाच्या पडद्याला हातमोजा, तेल, पाणी कशाचंच वावडं नाही. म्हणून शॉप फ्लोअरवर तो अजून टिकून आहे. पण त्याची एक खोड माहीत नसल्यानं माणसं हैराण होतात. साध्या दाबाच्या पडद्याला एका वेळी एकच जागा कळते. तुम्ही 'ए' वर बोट ठेवलंत आणि त्याच क्षणी तळहाताची कड किंवा दुसरं बोट लांब कुठे टेकलं, तर त्याला दोन जागा दिसत नाहीत, दोघांच्या मधली कुठलीतरी तिसरीच दिसते. न दाबलेलं अक्षर उमटतं ते असं. शिफ्ट दाबून धरून मोठं अक्षर टाकता येत नाही तेही यामुळेच. शिफ्ट आधी दाबून सोडायचं, मग अक्षर. आणि हात पडद्यावर न टेकता खालच्या पट्टीवर टेकवायचा. एवढ्यानं निम्म्या चुका गेलेल्या मी पाहिल्यात.

"टच गेलाय" म्हणजे काय गेलं?

फोन येतो, "सर, टच गेलाय, ए दाबलं की एस येतंय." बहुतेक वेळा काही गेलेलं नसतं. दिसणारं चित्र आणि दाब ओळखणारा थर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एकमेकींवर बसवलेल्या. कारखान्यातून निघताना दोघींचा मेळ घालून दिलेला असतो. उष्णतेनं, वयानं, रोजच्या दाबानं तो सुटतो. चष्म्याचा नंबर बदलला तरी जुनाच चष्मा घालून पायरी उतरावी, तसं पाऊल जरा बाजूला पडतं. यावर उपाय म्हणजे कॅलिब्रेशन. सेटिंगमध्ये गेलं की पडद्यावर कोपऱ्यांत फुल्या येतात, त्यांच्या बरोबर मध्यावर दाबायचं, यंत्र नवा मेळ बसवून घेतं. हे मात्र जाड अंगठ्यानं करू नका. अंगठ्यानं केलेलं कॅलिब्रेशन पुढचे सहा महिने सगळ्यांना भोगावं लागतं.

कधी दोष पडद्याचा नसून उंचीचा असतो. यंत्र टेबलावर, पडदा थोडा मागे झुकलेला, आणि काचेला जाडी असते. उंच माणूस वरून पाहतो, बुटका समोरून. दोघांना तेच बटण किंचित वेगळ्या जागी दिसतं. मोजपात्रातली पातळी डोळ्यासमोर धरून वाचायची असं शाळेच्या प्रयोगशाळेत शिकवतात, तेच इथंही. मी तर एका ठिकाणी यंत्राखाली लाकडी ठोकळा ठेवून तक्रार मिटवलीय. बिल लावायला लाज वाटली.

खरोखर "टच गेलेला" पडदा वेगळा ओळखू येतो. एंटरच्या जागी प्लास्टिक पांढरट पडलेलं असतं, बारीक ओरखडे असतात. बॉलपेनच्या टोकानं दाबायची सवय हे त्याचं पहिलं कारण. दाबाच्या पडद्यासाठी प्लास्टिकची बोथट काडी वापरावी. ती हरवतेच, म्हणून दोरीनं बांधावी.

फोनवर जमतं, मग इथं का नाही?

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो, आणि रास्त आहे. फोनची बटणं काही मोठी नसतात.

जरा हिशोब करू. लॅबमधल्या यंत्रांवर पुष्कळदा ५.७ इंची पडदा असतो. त्याची रुंदी साधारण ११६ मिलिमीटर. एका ओळीत दहा अक्षरं बसवली की एका बटणाला जेमतेम साडेअकरा मिलिमीटर मिळतात, तीही फटी न सोडता. साडेतीन इंची पडदा असेल तर सात. टेबलावरच्या नेहमीच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याचा मध्य १९ मिलिमीटरवर असतो, आणि आपल्या बोटाचं टोक दीडएक सेंटिमीटर रुंद. हातमोजा चढवला की आणखी जास्त. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला एक नियम आहे: लक्ष्य जितकं लहान आणि जितकं लांब, तितका त्यावर नेमकं पोचायला वेळ जास्त. कॅरम खेळणाऱ्याला हे सांगायला नको.

मग फोनवरची सात मिलिमीटरची बटणं का चालतात? कारण फोनवर तुम्ही नेमके टाइप करत नसताच. तुम्ही साधारण त्या बाजूला बोट मारता, आणि फोन ओळखतो. मागची अक्षरं पाहून पुढचं कोणतं असेल याचा अंदाज बांधतो, संभाव्य अक्षराची दाबायची जागा तुमच्या नकळत मोठी करतो, चुकलेला शब्द परस्पर दुरुस्त करतो. लग्नात मंगलाष्टकांची पुढची ओळ भटजींच्या आधी पाहुण्यांना येते, तसं.

बॅच नंबरला, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाच्या क्रमांकाला, असली पुढची ओळ नसते. 'के', 'एम', त्यानंतर शून्य, चार, सात. हा शब्द कुठल्या शब्दकोशात नाही, आणि पुढे आठ येईल की दोन याचा अंदाज कुणालाही बांधता येत नाही. बांधूही नये. कल्पना करा, यंत्रानं तुमचा बॅच नंबर "दुरुस्त" केला आणि कालचा टाकला. फोनवर 'भाऊ'चं 'भाव' झालं तर हसू येतं. इथं एका मालाचं रीडिंग दुसऱ्याच्या नावावर जातं आणि पहिला माल न तपासता गाडीत चढतो. म्हणून चांगल्या यंत्रावर अंदाज बांधणारं डोकं मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. तुम्ही जे दाबाल तेच. फोनच्या वेगामागचा मदतनीस इथं नसतो, आणि नसलेलाच बरा.

बटणं मोठी करायची तर अक्षरं दोन पानांवर वाटावी लागतात, किंवा जुन्या फोनसारखी एका बटणावर तीन-तीन. काही यंत्रं अक्षरं ए, बी, सी अशा क्रमानं लावतात, काही संगणकासारखी क्वर्टी. ज्याला टाइपिंग येतं तो एबीसीवर अडखळतो, ज्याला येत नाही तो क्वर्टीवर. एकाच लॅबमध्ये शेजारी शेजारी दोन्ही असतील तर दोघेही अडखळतात. यात कोणतं बरोबर असा वाद मी घालत नाही. खरेदी करताना आधीच्या यंत्रासारखं घ्या एवढंच म्हणतो.

खरा कीबोर्ड लावून टाका की!

लावता येतो, काही यंत्रांना. पण आधी तो का नसतो ते पाहू. हळदीची पूड, पिठाची धूळ, कटिंग ऑइलचा फवारा, रोज फवारून धुणं. बटणांच्या शंभर फटी म्हणजे शंभर घरटी. सपाट पडदा मात्र पूर्ण बंद करता येतो. पॅनेलवर 'आयपी ६५' लिहिलेलं असतं ना, त्यातला सहा म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही आणि पाच म्हणजे पाण्याची धार सोसते. औषधांच्या निर्जंतुक खोलीत तर प्रत्येक फट म्हणजे जंतूंना आमंत्रण.

दुसरं कारण यूएसबीच्या भोकाचं. ज्या भोकात कीबोर्ड लागतो त्यात पेनड्राइव्हही लागतो, आणि कुणीतरी त्यात घरची गाणी आणतोच. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा व्हायरस पेनड्राइव्हमधून पसरून इराणच्या अणुकेंद्रातल्या यंत्रांपर्यंत पोचला होता. तेव्हापासून कारखान्यातले आयटीवाले ही भोकं बुजवत सुटलेत. काही ठिकाणी अक्षरशः, चिकटपट्टीनं.

आकड्यांचा वेगळाच घोळ

अक्षरं चुकली तर निदान दिसतात. आकडा चुकला तर तोही आकडाच दिसतो.

फोनचा आकड्यांचा फलक डोळ्यासमोर आणा: वरच्या ओळीत १-२-३. आता कॅल्क्युलेटर: वर ७-८-९. फोनची मांडणी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेनं लोकांवर चाचण्या घेऊन ठरवली, त्याचा अहवाल १९६० चा. कॅल्क्युलेटरवाले आधीपासून आपल्या वाटेनं चालले होते. दोघं कधी एक झाले नाहीत. यंत्र बनवणाऱ्यांतले काही फोनकडे गेले, काही कॅल्क्युलेटरकडे. दिवसभर एका यंत्रावर बोटाला वळण लागलेला ऑपरेटर दुसऱ्या यंत्रावर न पाहता वरचं डावं बटण दाबतो, आणि १ च्या जागी ७ पडतो. १५० च्या जागी ७५० अंश पडलं तर यंत्र बहुधा नाही म्हणेल. ४२ च्या जागी ४८ पडलं तर बिचारं करेल काय? तेही त्याच्या मर्यादेतच असतं. म्हणून प्रत्येक आकड्याला वरची आणि खालची मर्यादा घालून ठेवतात, आणि ती यंत्राच्या क्षमतेची नको, तुमच्या मालाची हवी. बहुतेक ठिकाणी ती पेटीतून आली तशीच असते.

मग जर्मन यंत्रं. जर्मनीत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात आणि हजारासाठी टिंब. तिकडच्या पडद्यावर १,२५० असं दिसलं तर ते सव्वा आहे, साडेबाराशे नव्हे. यंत्राची भाषा इंग्रजी केली तरी आकड्यांची पद्धत वेगळ्या सेटिंगमध्ये लपलेली असू शकते. नवीन यंत्र लागलं की पहिल्याच दिवशी १.५ टाकून प्रिंट काढून पाहावा. दोन मिनिटांचं काम.

नावात स्लॅश चालत नाही, मराठी तर नाहीच

"आमचा बॅच नंबर कंपनीच्या स्थापनेपासून असाच आहे, बी स्लॅश चोवीस स्लॅश सतरा, आणि हे मशीन म्हणतं चुकीचं नाव!" हा संताप मी समजू शकतो. यंत्राच्या पोटात बऱ्याचदा विंडोजच असतं, आणि यंत्र तुमच्या नावानंच फाइल बनवू पाहतं. विंडोजच्या फाइलच्या नावात स्लॅश, उलटा स्लॅश, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण, उभी रेघ, लहानमोठ्याची चिन्हं यांतलं काहीच चालत नाही. स्लॅशच्या जागी आडवी छोटी रेघ टाका, बहुतेक भागतं.

नावाची लांबीही जुन्या काळातून आलेली असते. कारखान्यातल्या दाब-तापमान मोजणाऱ्या उपकरणांशी बोलायची हार्ट नावाची एक पद्धत आहे, १९८० च्या दशकातली, आजही सगळीकडे. तिच्यात उपकरणाच्या मूळ नावाला फक्त ८ अक्षरं मिळतात, तीही मोठी इंग्रजी. त्या काळी स्मृती महाग होती म्हणून प्रत्येक अक्षर ६ बिटांत कोंबलं, आठ अक्षरं ६ बाइटांत. बिट म्हणजे हो-नाहीचा एक दिवा, बाइट म्हणजे आठ दिव्यांची माळ. सहा दिव्यांतून ६४ जोड्या होतात. तेवढ्यात मोठी अक्षरं, आकडे आणि काही चिन्हं बसली, छोट्या अक्षरांना जागा उरली नाही. पुढे ३२ अक्षरांचं लांब नाव आलं, पण जुनं गेलं नाही.

मराठीचं म्हणाल तर आजच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. 'चाकण' या शब्दात च, काना, क, ण अशी चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. 'कुरकुंभ' २१ बाइटांचं होतं. नावासाठी १६ बाइटांचा डबा ठेवलेल्या यंत्रात कुरकुंभ मावतच नाही. त्यात पहिली वेलांटी टाइप होते अक्षरानंतर आणि दिसते अक्षराआधी; क, हलन्त आणि ष मिळून क्ष व्हायला हवा. ही जोडणी करणारा भाग फोनमध्ये असतो, छोट्या यंत्रात बहुधा नसतो, मग पाय मोडलेली अक्षरं वेगवेगळी पडलेली दिसतात. म्हणजे अडचण सोडवता न येण्यासारखी नाही, कुणी मागितलेली नाही एवढंच. ऑपरेटरला दिसणारे संदेश तरी मराठीत हवेत, असं मला ठामपणे वाटतं. "दार उघडं आहे" हे इंग्रजीत वाचायला लावण्यात कसलं तंत्रज्ञान?

पासवर्ड, कारण, पुन्हा पासवर्ड

एवढं करून नाव टाकलं की यंत्र विचारतं: तुम्ही कोण? पासवर्ड? आकडा बदललात तर, का बदललात?

यामागे कायदा आहे. अमेरिकेत औषधं विकणाऱ्यांना तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचा १९९७ चा 'पार्ट ११' नावाचा नियम लागू होतो, आणि आपल्याकडच्या निर्यातदारांनी तो पाठ केलाय. त्याचा गाभा किराणा दुकानाच्या जुन्या चोपडीसारखा आहे. चोपडीत खोडरबर चालत नाही. चुकलं तर वरून एक रेघ, खालचं वाचता यायला हवं, शेजारी सही. यंत्रात याला ऑडिट ट्रेल म्हणतात: कोणी, कधी, काय बदललं याची पुसता न येणारी नोंद. बदलाचं कारण लिहा हा आग्रह युरोपच्या नियमांतून येतो.

तत्त्व उत्तम. पण काचेवर काय होतं? पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, चार लहान, एक चिन्ह, चार आकडे हवेत, म्हणजे १० अक्षरं. शिफ्ट, चिन्हांचं पान, आकड्यांचं पान धरून तेरा दाब, वर एंटर. हातमोज्यानं. प्रत्येक सहीला. दिवसातून चाळीस वेळा. मग काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: सकाळी एकजण आत शिरतो आणि संध्याकाळपर्यंत सगळी पाळी त्याच्याच नावानं काम करते. कारणाच्या रकान्यात 'ओके', 'एनए' किंवा नुसतं टिंब. नियमानं मागितलं होतं उत्तरदायित्व, मिळालं टिंब.

अमेरिकेच्याच मानक संस्थेनं, एनआयएसटीनं, २०१७ मध्ये सांगितलं की चिन्हं-आकडे कोंबायची सक्ती आणि ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावणं सोडा, लांबी बघा. काचेसाठी हा सल्ला सोन्यासारखा आहे. लहान अक्षरांतली चार साध्या शब्दांची ओळ पान न बदलता टाकता येते. त्याहून बरं म्हणजे गळ्यातलं ओळखपत्र टेकवणं. कारणांची तयार यादी देऊन त्यातून एक निवडायला लावणं हेही.

"मग हे प्रश्न काढूनच टाका, लोकांचा त्रास वाचेल," असं म्हणणाऱ्यांना मी थेराक-२५ ची गोष्ट सांगतो. कॅनडात बनलेलं कर्करोगावर किरणोपचार करणारं हे यंत्र. तंत्रज्ञ आधी रुग्णाच्या खोलीत मात्रा लावत आणि बाहेर येऊन तीच माहिती पडद्यावर पुन्हा टाइप करत. त्यांनी तक्रार केली, वेळ फार जातो. कंपनीनं ऐकलं, नुसतं एंटर दाबत गेलं की आतली माहिती उतरून यायला लागली. हात बसले, वेग वाढला. मग १९८६ मध्ये टेक्सासच्या टायलर शहरात एका तंत्रज्ञाकडून इलेक्ट्रॉनच्या 'ई' ऐवजी क्ष-किरणांचा 'एक्स' पडला. चूक लगेच लक्षात आली, वर जाऊन दुरुस्त केली, सवयीनं भराभर एंटर. पडद्यावर 'ई' दिसत होता. पण यंत्रातले चुंबक जागेवर यायला आठेक सेकंद घेत, आणि तेवढ्या वेळात झालेली दुरुस्ती आतल्या प्रोग्रामनं टिपलीच नाही. रुग्णाला प्रचंड मात्रा बसली. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्राचे असे सहा अपघात नोंदले गेले. दोष प्रोग्रामचा होता, टाइप करणारीचा नव्हे. पण दुसऱ्यांदा टाइप करणं ही नुसती कटकट नव्हती, तो एक तपास होता, आणि तो काढताना त्याच्या जागी दुसरं काही ठेवलं गेलं नाही, हे विसरता येत नाही.

टाइपच कमी करा

काचेवरचा कीबोर्ड चांगला करण्यात मला आता फारसा रस राहिलेला नाही. त्यावर जायची वेळच कमी यावी, यात आहे.

माल आत येतो तेव्हा त्याचं नाव कुणीतरी एकदा संगणकावर, खऱ्या कीबोर्डनं टाइप करतंच. तिथंच बारकोडचं लेबल छापा आणि यंत्राला स्कॅनर लावा. यात जादू काही नाही. साधा स्कॅनर यंत्राला सांगतो, "मी कीबोर्ड आहे," आणि रेघा वाचून अक्षरं भराभर "टाइप" करतो. यंत्राला वाटतं, कुणी फार चपळ माणूस बसलाय. आयटीवाले भोकाबद्दल कुरकुरतील. फक्त स्कॅनर चालेल, पेनड्राइव्ह नाही, असं कुलूप घालता येतं.

स्कॅनर नसेल तिथं नावंच सोपी करा. ओ आणि आय ही अक्षरं बॅच नंबरातून हद्दपार करा, म्हणजे "ओ की झिरो" हा प्रश्नच उरत नाही. स्लॅश नको. छोटी-मोठी अक्षरं मिसळू नका. अक्षरं आधी एकत्र, मग आकडे एकत्र, म्हणजे पान एकदाच बदलावं लागतं. आणि कंपनीचं नाव प्रत्येक बॅच नंबरात कशाला? ती तुमचीच कंपनी आहे, तुमचंच यंत्र.

थोडा आणखी खटाटोप परवडत असेल तर शेवटी एक तपास-अंक जोडा. आधारचा बारावा आकडा असाच असतो. आधीच्या अकरांवरून व्हेरहॉफ नावाच्या पद्धतीनं तो काढलेला असतो, त्यामुळे एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर गणित जुळत नाही आणि क्रमांक तिथंच नाकारला जातो. बॅच नंबराला हे लावलं की चुकीचं नाव यंत्राच्या आत शिरायच्या आधीच अडतं. अर्थात ते तपासण्याची सोय यंत्रात किंवा त्याला जोडलेल्या संगणकात हवी.

मसाल्याच्या त्या कारखान्यात पुढच्या वर्षी गेलो तेव्हा टेबलावर स्कॅनर होता. तक्रारही तयार होती: ज्या नावात वाय असेल तिथं झेड येतो. यंत्र जर्मन, आणि जर्मन कीबोर्डवर या दोन अक्षरांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात. स्कॅनर इंग्रजी बोटांनी टाइप करत होता, यंत्र जर्मन कानांनी ऐकत होतं. सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्डची भाषा बदलली, मॅडमना म्हटलं, आता मारून बघा. पिक् असा आवाज झाला आणि अकरा अक्षरं बरोबर उमटली.

"सर," त्या म्हणाल्या, "मागच्या सहा महिन्यांत झेड घेऊन गेलेल्यांचं काय करायचं?"

आम्ही दोघं जुने प्रिंट काढून बसलो. निघायला संध्याकाळचे सात वाजले.